किती माणसे चालत बाहेर आली?

माझा भाचा कॉलेजात शिकतो. त्याच्या मित्रमंडळींचा एक लाडका वाद आहे. जगात सगळ्यांत भारी कमांडो कोणाचे? एक जण ब्रिटनच्या एसएएसचे नाव घेतो, दुसरा इस्रायलच्या सायेरेत मत्कालचे, तिसऱ्याला अमेरिकेच्या डेल्टा फोर्सपुढे कोणी दिसत नाही. आपले ‘ब्लॅक कॅट’ही असतातच. कोण पाठीवर किती ओझे घेऊन किती धावतो, कोणाचा नेम किती सेकंदांत लागतो, याचे आकडे त्यांना तोंडपाठ. एकदा त्याने मलाच पंच केले. ‘मामू, तुम्ही सांगा, नंबर एक कोण?’

मी पडलो कवी. बंदुकीशी माझा संबंध लहानपणी दिवाळीत उडवलेल्या टिकल्यांपुरता. पण इतिहास चाळण्याची खोड जुनी आहे, म्हणून या प्रश्नाच्या मागे लागलो. आणि वाचता वाचता लक्षात आले, की ही पथके धावतात किती आणि नेम कसा धरतात, यात डावे-उजवे करण्यासारखे फारसे नाही. फरक पडतो तो दुसरीकडेच.

आधी शब्दाविषयी थोडे. ‘कमांडो’ हा शब्द इंग्रजांचा नव्हे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांच्या घोडेस्वार टोळ्यांना कमांडो म्हणत. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात या टोळ्यांनी इंग्रजांना इतके सतावले, की इंग्रजांनी तो शब्द लक्षात ठेवला आणि १९४० मध्ये चर्चिल यांच्या काळात आपल्याच छापा घालणाऱ्या तुकड्यांना दिला. शत्रूची शिवी आपल्या पोराचे नाव व्हावे, तसे हे झाले. पुढच्याच वर्षी डेव्हिड स्टर्लिंग या अधिकाऱ्याने उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात एसएएस उभी केली. काम होते रात्री शत्रूच्या पिछाडीला जाऊन त्याची विमाने जमिनीवरच उडवून देण्याचे. युद्ध संपल्यावर सरकारने ती मोडूनही टाकली, मग गरज भासली तशी पुन्हा उभारली.

पण आपण आज ज्यांना कमांडो म्हणून डोळ्यांसमोर आणतो, म्हणजे काळ्या पोशाखातले, दोरावरून उतरणारे, ओलिसांना सोडवणारे, त्यांची जन्मकथा वेगळी आहे. ती एका पराभवातून सुरू होते.

५ सप्टेंबर १९७२. म्युनिकमध्ये ऑलिम्पिक चालू होते. पहाटे ‘ब्लॅक सप्टेंबर’ या पॅलेस्टिनी संघटनेचे आठ बंदूकधारी इस्रायली खेळाडूंच्या निवासात शिरले. दोघांना त्यांनी तिथेच मारले आणि नऊ जणांना ओलीस धरले. हिटलरच्या सावलीतून बाहेर पडलेला नवा, हसतमुख जर्मनी जगाला दाखवायचा होता, म्हणून बंदोबस्त मुद्दाम सैल ठेवला होता. देशांतर्गत कारवाईत लष्कर वापरायला राज्यघटनेचे बंधन होते. काम बव्हेरियाच्या पोलिसांवर पडले आणि त्यांना असल्या कामाचे शिक्षणच नव्हते. दिवसा पोलीस छपरांवर चढले, तर ते दृश्य दूरचित्रवाणीवर थेट दिसत होते आणि खोल्यांमध्ये टीव्ही संच होते.

रात्री फुर्स्टेनफेल्डब्रुकच्या विमानतळावर सापळा लावला. नेमबाज पाच. बंदूकधारी आठ निघाले. नेमबाजांकडे एकमेकांशी बोलायला वायरलेस नव्हता, रात्री दिसणाऱ्या दुर्बिणी नव्हत्या. विमानात कर्मचाऱ्यांच्या वेशात दबा धरून बसलेल्या पोलिसांनी आपसांत मत घेतले आणि ऐनवेळी विमान सोडून दिले. चिलखती गाड्या रहदारीत अडकल्या. नऊच्या नऊ ओलीस मारले गेले, एक पोलीस आणि पाच बंदूकधारीही. आणि त्याच रात्री जगाला बातमी दिली गेली होती, की सगळे ओलीस सुखरूप आहेत.

त्याच महिन्यात पश्चिम जर्मनीने एक पथक उभारायचा निर्णय घेतला, जीएसजी-९. उलरिच वेगेनर हे त्याचे पहिले प्रमुख. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हे पथक त्यांनी सैन्यात ठेवले नाही, सीमा पोलिसांत ठेवले. जर्मनीत ‘निवडक सैनिकांची खास तुकडी’ म्हटले की लोकांना कोणाची आठवण येते, हे त्यांना ठाऊक होते. पथक कोणत्या खात्याच्या पदरी आहे यावरून त्या राज्याची भीती कळते. ब्रिटनची एसएएस सैन्यात. फ्रान्सचे जीआयजीएन ‘जांदार्मरी’ या निमलष्करी पोलीस दलात. सोव्हिएत संघाने १९७४ मध्ये काढलेला ‘अल्फा’ गट थेट केजीबीच्या पंखाखाली. इस्रायलची सायेरेत मत्काल मुळात हेरगिरीसाठी सीमेपलीकडे जाणारी तुकडी. आपले एनएसजी गृहखात्याचे, पण त्यातला धडक गट सैन्यातून आलेल्या जवानांचा. भाच्याच्या तक्त्यात हा रकानाच नव्हता.

आता एन्टेबी. २७ जून १९७६ रोजी एअर फ्रान्सचे विमान अथेन्सहून उडाल्यावर दोन पॅलेस्टिनी आणि दोन जर्मनांनी पळवले आणि युगांडात, इदी अमीनच्या राज्यात नेले. इस्रायली प्रवाशांना वेगळे काढले गेले. इतर बहुतेकांना सोडले, तरी फ्रेंच कॅप्टन मिशेल बाकोस आणि त्यांचे सहकारी आपल्या प्रवाशांना सोडून गेले नाहीत. ३ जुलैच्या रात्री चार हर्क्युलस विमाने सुमारे चार हजार किलोमीटर उडून तिथे उतरली. अमीनच्या गाडीसारखी दिसणारी काळी मर्सिडीज पुढे काढली. १०२ माणसे घरी परतली. चित्रपट निघाले, पुस्तके आली.

चित्रपटात मर्सिडीज दिसते, पण माझ्या मते सगळे काम त्याआधीच्या दिवसांत झाले होते. त्या विमानतळाच्या जुन्या इमारतीच्या बांधकामात एका इस्रायली कंपनीचा हात होता. तिचे नकाशे मिळाले. सुटून पॅरिसला पोहोचलेल्या प्रवाशांना भेटून कोण कुठे बसले आहे, पहारा कसा आहे, हे विचारून घेतले. परतीच्या वाटेवर इंधन भरायला नैरोबीची सोय झाली. उलट मर्सिडीजची युक्ती शेवटपर्यंत टिकलीच नाही. पहारेकऱ्यांनी गाडी हटकली आणि इमारतीपर्यंत पोहोचण्याआधीच गोळी सुटली. या मोहिमेत तीन ओलीस मेले. छापा घालणाऱ्या तुकडीचे प्रमुख योनातन नेतान्याहू मेले. युगांडाचेही अनेक सैनिक मेले, ते कोणी फारसे मोजत नाही. आणि डोरा ब्लॉक नावाच्या वृद्ध बाई राहून गेल्या. घशात अन्न अडकले म्हणून त्यांना कंपालाच्या रुग्णालयात नेले होते. छाप्यानंतर अमीनच्या माणसांनी त्यांना रुग्णालयातून ओढून नेले आणि ठार केले. अमीनची सत्ता गेल्यावर, १९७९ मध्ये, त्यांचे अवशेष सापडले.

जर्मनीच्या नव्या पथकाची परीक्षा १९७७ मध्ये झाली. १३ ऑक्टोबरला लुफ्तान्साचे ‘लांड्सहूट’ हे विमान मायोर्काहून फ्रँकफुर्टला निघाले असता पळवले गेले. आत ८६ प्रवासी. तुरुंगातल्या जहाल डाव्या ‘रेड आर्मी फॅक्शन’च्या लोकांना सोडा, ही मागणी. रोम, लार्नाका, बहारीन, दुबई, एडन अशी वणवण झाली. एडनला कॅप्टन युर्गेन शूमान यांना अपहरणकर्त्यांच्या म्होरक्याने प्रवाशांच्या देखत गोळी घातली. सहवैमानिकाने एकट्याने विमान सोमालियात मोगादिशूला नेले. इकडे जर्मन मंत्री सोमालियाच्या अध्यक्षांकडे परवानगी मागत बसले होते आणि ती मिळाली. १८ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर सोमाली सैनिकांनी विमानापुढे जाळ पेटवला, अपहरणकर्ते तो पाहायला पुढे गेले आणि मागून शिड्या लागल्या. ८६ च्या ८६ प्रवासी बाहेर आले. डोळे दिपवणारे, कान बधिर करणारे बॉम्ब घेऊन एसएएसचे दोन जण सोबतीला होते. म्हणजे हा विजय तरी एकट्या जर्मनांचा कुठे होता?

यश मिळाले नसते तर राजीनामा द्यायचे ठरवले होते, असे चान्सेलर हेल्मुट श्मिट यांनी पुढे सांगितले. आणि किंमत वेगळी मोजावी लागली. त्याच गटाने सप्टेंबरात पळवलेले उद्योगपती हान्स मार्टिन श्लायर यांचा मृतदेह दुसऱ्या दिवशी एका मोटारीच्या डिकीत सापडला.

या यशानंतर अवघ्या चार महिन्यांनी लार्नाकाला काय झाले, ते फार थोड्यांना आठवते. १८ फेब्रुवारी १९७८ ला सायप्रसमध्ये निकोसियाच्या एका हॉटेलात दोन बंदूकधाऱ्यांनी युसुफ अस-सिबाई यांचा खून केला. सिबाई इजिप्तचे माजी सांस्कृतिक मंत्री, संपादक आणि लोकप्रिय कादंबरीकार होते. (लेखकाला मारायला माणसे नेहमी सापडतात.) मारेकऱ्यांनी ओलीस धरून विमान मिळवले. कोणत्याच देशाने उतरू दिले नाही, म्हणून ते लार्नाकाला परतले. सायप्रसच्या सरकारशी त्यांची बोलणी जवळजवळ पूर्ण होत आली होती. तेवढ्यात इजिप्तचे हर्क्युलस धावपट्टीवर उतरले आणि त्यातून कमांडो बाहेर पडले. सायप्रसची परवानगी घेतलेली नव्हती. सायप्रसच्या सैनिकांनी आपल्या भूमीवर धावत येणाऱ्या परक्या सैनिकांवर गोळ्या चालवल्या. इजिप्तची १५ माणसे मेली. ओलीस सुखरूप सुटले, ते बंदूकधारी शरण आल्यामुळे.

ती इजिप्शियन पोरे भित्री होती का? नव्हती. शिकवलेली नव्हती का? होती. जीएसजी-९ आणि त्यांच्यात फरक होता तो एका होकाराचा. १९८५ मध्ये माल्टाला पळवलेल्या इजिप्तच्याच विमानात ते पथक स्फोट करून शिरले, आत धूर आणि आग पसरली आणि सुमारे साठ माणसे गेली. धाडसाची कमतरता तेव्हाही नव्हती.

अमेरिकेची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. कर्नल चार्ल्स बेकविथ हे एसएएसमध्ये काही काळ राहून आलेले. वर्षानुवर्षे वरिष्ठांच्या मागे लागून १९७७ मध्ये त्यांनी डेल्टा फोर्स उभी केली. पहिलेच मोठे काम आले ते तेहरानच्या दूतावासातले ओलीस सोडवण्याचे. २४ एप्रिल १९८० च्या रात्री इराणच्या वाळवंटात ‘डेझर्ट वन’ या ठिकाणी सगळे जमायचे होते. आठ हेलिकॉप्टर निघाली, पुढे जायला किमान सहा हवी होती. एक बिघडून वाटेत सोडावे लागले, एक धुळीच्या लोटातून माघारी फिरले, तिसरे तिथे पोहोचून नादुरुस्त ठरले. राहिली पाच. निर्मनुष्य समजलेल्या त्या जागी चाळीसहून अधिक प्रवाशांनी भरलेली एक बस आली, तिला अडवून ठेवावे लागले. शेवटी परतायचे ठरले आणि निघताना एक हेलिकॉप्टर इंधनाच्या विमानावर आदळले. आठ अमेरिकी जवान जळून मेले.

डेल्टाच्या माणसाने त्या रात्री एकाही ओलिसाचे दार पाहिले नाही. जवान भूदलाचे, हेलिकॉप्टर नौदलाची, ती चालवणारे बहुतेक मरीन कोअरचे, विमाने हवाई दलाची. या सगळ्यांनी मिळून पूर्ण मोहिमेचा सराव एकदाही केला नव्हता. अपघातानंतर अमेरिकेने आणखी चपळ जवान शोधले नाहीत. रात्री उडणाऱ्या हेलिकॉप्टरांचे खास दल काढले आणि १९८७ मध्ये सगळ्या दलांच्या खास तुकड्या एका छत्राखाली आणल्या.

त्यानंतर सहाच दिवसांनी लंडनमध्ये इराणच्याच दूतावासात सहा बंदूकधारी शिरले. इराणच्या खुजेस्तानमधले ते अरब. २६ ओलीस. इथे ब्रिटिशांनी घाई केली नाही. सहा दिवस पोलीस बोलत राहिले, जेवण पाठवत राहिले, एकेक ओलीस सोडवत राहिले. तोवर एसएएसने इमारतीची रचना समजून घेतली, तळमजल्याच्या खिडक्या पक्क्या केलेल्या आहेत हे त्यांना आधी कळले. सहाव्या दिवशी एका ओलिसाला मारून त्याचे प्रेत बाहेर टाकले गेले, तेव्हा पोलीस अधिकाऱ्याने कागदावर सही करून ताबा सैन्याकडे दिला. वेळ सायंकाळी ७ वाजून ७ मिनिटे. कारवाई १७ मिनिटांत संपली आणि तसाच कागद करून ताबा पोलिसांकडे परत गेला. मला त्या १७ मिनिटांपेक्षा तो कागद मोठा वाटतो. लोकांनी टीव्हीवर पाहिला तो धूर आणि दोर. त्यातला एक जवान दोरातच अडकून भाजत होता. छाप्यात आणखी एक ओलीस मेला, बाकीचे वाचले. पाच बंदूकधारी ठार झाले. त्यातल्या काहींना शरण आल्यावर मारले का, यावर पुढे प्रश्न विचारले गेले. तेही नोंदवले पाहिजे.

वाट पाहणे कधी अंगाशीही येते. ५ सप्टेंबर १९८६ ला मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीत अडवले गेले. सोळा-सतरा तास गेले, विमानातली वीज गेली, दिवे विझले आणि घाबरलेल्या अपहरणकर्त्यांनी अंधारात गोळ्या चालवल्या. सुमारे वीस माणसे मेली. पाकिस्तानी कमांडो होते, पण दारे उघडली ती कर्मचाऱ्यांनी आणि प्रवाशांनी. नीरजा भनोत तिथेच गेली.

आणि मॉस्को. ऑक्टोबर २००२ मध्ये चेचेन बंदूकधाऱ्यांनी दुब्रोव्का नाट्यगृहात आठशेहून अधिक प्रेक्षकांना कोंडले. बायकांच्या अंगावर स्फोटके बांधलेली. रशियाच्या पथकांनी हवेच्या झरोक्यांतून गुंगीचा वायू सोडला, आत शिरले आणि सगळ्या बंदूकधाऱ्यांना मारले. एकही मोठा स्फोट झाला नाही. त्या पथकाच्या बाजूने पाहिले तर असे काम जगात क्वचितच झाले असेल. मग बेशुद्ध माणसे बाहेर आणून ओळीने पाठीवर झोपवली गेली. जीभ घशात जाऊन, उलटीने गुदमरून माणसे मेली. रुग्णवाहिका पुरेशा नव्हत्या. साध्या बसमधून त्यांना नेले. वायू कोणता, हे डॉक्टरांना सांगितले नव्हते. सरकारी आकडा १३० मृत ओलिसांचा आहे आणि त्यांतले बहुतेक गोळीने मेले नाहीत.

भाच्याला म्हटले, आता सांग, अल्फा पथकाला कितवा नंबर देशील?

आपल्याकडेही सुरुवात अपयशातूनच झाली. १९८४ च्या जूनमधल्या ‘ब्लू स्टार’ कारवाईत सुवर्णमंदिरात रणगाडे गेले, अकाल तख्त उद्ध्वस्त झाले, यात्रेकरू मेले. त्या वर्षी एनएसजीची स्थापना झाली, एसएएस आणि जीएसजी-९ कडे पाहून. १९८८ च्या मेमध्ये त्याच मंदिरात पुन्हा अतिरेकी शिरले तेव्हा पाणी आणि रसद तोडून, लांबून नेमबाज बसवून नऊ-दहा दिवस वाट पाहिली गेली. पत्रकारांना पाहू दिले गेले. दोनशेच्या आसपास अतिरेकी शरण आले, मंदिर शाबूत राहिले. १९९३ मध्ये अमृतसरला पळवलेल्या विमानातले सर्व १४१ जण सुटले, अपहरणकर्ता तेवढा मेला. त्याच अमृतसरला २४ डिसेंबर १९९९ च्या संध्याकाळी आयसी-८१४ हे विमान पाऊण तासाच्या आसपास उभे होते. एनएसजी पोहोचण्याआधी ते उडून गेले आणि पुढे कंदाहार झाले.

तोच पाऊण तास २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत रात्रभर लांबला. रात्री साडेनऊच्या सुमारास गोळीबार सुरू झाला. एनएसजी हरियाणात, मनेसरला. त्यांना न्यायचे मोठे विमान दिल्लीत नव्हते, ते चंदीगडहून आणावे लागले. जवान मुंबईला उतरले तेव्हा पहाट झाली होती. त्यानंतर त्यांनी ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमध्ये जे केले, त्यात मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्रसिंह बिश्त गेले. त्यांच्या हिमतीविषयी बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत. पण मधले तास कोणी काढले? गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात लाठी घेऊन, कसाबच्या बंदुकीची नळी छातीशी धरून. सीएसटीवर विष्णू झेंडे या उद्घोषकाने माइकवरून, प्रवाशांना मागच्या वाटेने बाहेर जायला सांगत. हॉटेलांतल्या वाढप्यांनी आणि स्वयंपाक्यांनी पाहुण्यांना आडोशाला नेऊन. आणि म्युनिकनंतर ३६ वर्षांनी जवानांच्या हालचाली पुन्हा टीव्हीवर थेट दिसत होत्या. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार त्या पाहून फोनवर सूचना देत होते. २०१२ मध्ये कसाबच्या खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल वाहिन्यांना खडे बोल सुनावले. १६६ माणसे गेली होती. २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद इथे एनएसजीची केंद्रे आली. महाराष्ट्राने स्वतःचे ‘फोर्स वन’ काढले.

हे सगळे ऐकून भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘मामू, नौदलाचे मार्कोस तर त्या रात्री मुंबईतच होते ना? मग त्यांना किती वाजता बोलावलं?’

त्याच्या आधीच्या प्रश्नापेक्षा हा मला बरा वाटला.